कल्हई समजून

चामटोलीतल्या माझ्या आतेबहिणीच्या सुनेच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा तिला सहावा महिना लागला होता. अहवाल मी दोनदा वाचला. आयुष्य वृत्तपत्राच्या डेस्कवर गेल्यामुळे आकडा दिसला की आधी दशांशचिन्ह तपासायची सवय आहे. इथेही ते चुकलं असेल असं वाटलं. चुकलं नव्हतं. पाचाच्या आत असायला हवा तो आकडा अडतीस होता.

शोध योगायोगानेच लागला. तिच्या पोटात कळा यायच्या, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नव्हतं. बदलापूरच्या डॉक्टरबाईंनी एकदा तिचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, दातांच्या मुळाशी निळसर रेघ दिसली, आणि त्यांनी कधी न लिहिलेली एक तपासणी लिहून दिली. अहवाल आल्यावर त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं. सुरमा, शेंदूर, वैदूच्या पुड्या, भस्म, घराचा रंग, जुन्या बॅटऱ्या, असं एकेक विचारलं. सगळ्याला उत्तर एकच, 'नाही'. माझा भाचा, म्हणजे तिचा नवरा, अंबरनाथला पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कंपनीत आहे. त्याच्या कामातही शिसं नव्हतं.

"हे शरीरात तयार होत नाही, बाहेरून येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि नाळेपाशी अडत नाही, बाळापर्यंत जातं. कुठून येतंय ते शोधा. जितके दिवस जातील तितकं बाळाच्या मेंदूवर जाईल."

सून बावीस-तेवीस वर्षांची, तोंडाने चुरचुरीत. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, आता पेपरात माझा फोटो छापणार का? तसं असेल तर आधी पार्लरला जाऊन येते." कोणी हसलं नाही.

शिसं कुठून येतंय याबद्दल गावात कोणालाच शंका नव्हती. गावाबाहेरून एक ओढा वाहतो. त्याच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत. ओढ्याचं पाणी कधी लालसर असतं, कधी त्यावर फेस असतो, आणि ताईची, म्हणजे माझ्या या आतेबहिणीची, विहीर ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. मीही तसंच धरून चाललो होतो. बातमीचा मथळा तयार होता, फक्त पुरावा हवा होता.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत माझी एक कॉलेजची मैत्रीण पाणी तपासण्याची छोटी प्रयोगशाळा चालवते. तिला सांगितलं, तर ती माणूस न पाठवता स्वतः आली. सोबत प्लास्टिकच्या पांढऱ्या बाटल्या होत्या. त्या तिने रात्रभर आम्लात भिजवून, अतिशुद्ध पाण्याने खळबळून आणल्या होत्या. तिने हातमोजे चढवले तेव्हा ताई विहिरीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाय, इतकीशी बाटली? आनि हातमोजे कशाला? आमचं पानी काय चावतं?"

"पाणी नाही चावत हो ताई. माझे हातच पाण्याला चावतील." मैत्रिणीने बाटलीचं झाकण उघडून पालथं धरलं. "आपण शोधतोय ते इतकं थोडं असतं की माझ्या बोटावरच्या धुळीनेसुद्धा आकडा बदलतो. या मोठ्या पत्रकाराला मी म्हणूनच लांब उभं केलंय."

पाणी भरल्यावर तिने प्रत्येक बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले. आम्ल नसेल तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतो, आणि यंत्राला पाणी स्वच्छ वाटतं. एका बाटलीत तिने प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी भरून आणलं होतं. त्या कोऱ्या नमुन्यात काही सापडलं, तर बाटलीत किंवा हाताळणीत खोट आहे असं समजायचं. ओढ्याचा एक नमुना घेतला, विहिरीचा एक घेतला. घरातला मात्र तिला वेगळ्या रीतीने हवा होता. नळ असो की भांडं, धातू पाण्यात उतरतो तो रात्रभर, पाणी जागच्या जागी उभं असताना. म्हणून घरात जे रात्रभर साठून राहतं आणि पिण्यात येतं, ते सकाळी कोणी हात लावायच्या आधी भरायचं.

मी ताईला सोपं करून सांगितलं, "शिळं पाणी हवंय. रात्रीचं."

"आमच्याकडं शिळं पानी कोन पीत नाय," ताई ठणकावून म्हणाली.

"तरी जे असेल ते या बाटलीत भरून ठेव."

सकाळी मी पोचलो तेव्हा बाटली भरून, पुसून ओट्यावर ठेवली होती. बाजूला हंडा चिंचेने घासून लखलखीत केलेला. बाटली घेऊन मी निघालो.

काही दिवसांनी मैत्रिणीने बोलावून घेतलं. तिच्या टेबलावर तीन कागद होते. ओढ्यात क्रोमियम आणि निकेल होतं, दोन्ही मर्यादेबाहेर. विहिरीत लोह थोडं जास्त, शिसं मर्यादेच्या खूप आत. घरच्या बाटलीत विहिरीसारखंच.

"तुझी बातमी ओढ्यात आहे," ती म्हणाली. "खुशाल लिही, मी सही करते. पण तुझ्या सुनेचं शिसं तिथलं नाही."

"यंत्र चुकत असेल."

"चुकतं की. म्हणून मी तीनदा लावलं."

डॉक्टरबाईंनी तोवर वेगळा निर्णय घेतला होता. सापडत नसेल तर निदान जागा बदला. सातव्या महिन्यात जायची ती सून लवकरच माहेरी गेली. माहेर कात्रपला, इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. नगरपालिकेचं पाणी, वर फिल्टर, ओढा नाही, विहीर नाही. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला महिनाभर लागतो, असं डॉक्टरबाईंनी समजावलं होतं; पण उतरू लागलेलं दिसायला हवं.

पुढच्या तपासणीत आकडा त्रेचाळीस आला.

भाच्याने फोनवर फक्त आकडा सांगितला. ताप उतरायला पाठवलेल्या माणसाचा ताप वाढावा तसं ते होतं, आणि इथे तर चढलेला प्रत्येक अंक दोघांच्या अंगात जात होता. डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं होतं, आणखी चढलं तर शिसं बाहेर काढायचं औषध द्यावं लागेल, आणि ते पोटातल्या बाळाला मानवेल याची खात्री त्या देऊ शकत नाहीत.

"मामा, आता कुठे ठेवू तिला?" भाचा म्हणाला.

मैत्रिणीला कळवलं. ती म्हणाली, "जागा बदलली तरी चढतंय. म्हणजे ते जागेत नाही, तिच्याबरोबर आहे. चल कात्रपला."

सुनेच्या आईने आम्हाला बसायला सांगितलं, पण तिचा चेहरा उतरलेला होता. "आमच्या घरात असलं काही नाही," ती पहिल्या वाक्यातच म्हणाली. "फिल्टर मागच्याच वर्षी बसवलाय. बिघडलं सासरी, आणि शोधायला आलात माहेरी."

"आई, गप की," सून पलंगावरून म्हणाली. तिचे डोळे खोल गेले होते, पण जीभ तशीच होती. "मामा, घ्या काय घ्यायचं ते. उशीचा नमुना घेता का?"

मैत्रीण तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "मला फक्त सांग, झोपेतून उठल्यापासून तू काय काय करतेस. काही गाळू नको."

"उठते. तांब्यातलं पाणी पिते. मग दात—"

"थांब. कुठला तांब्या?"

"सासूबाईंनी बरोबर दिलेला. तांब्याचा आहे. रोज चिंचेने घासायचा, रात्री पाणी भरून त्यात लिंबू पिळायचं, सकाळी अनशापोटी प्यायचं. उलट्या थांबतात त्याने. माझ्या थांबल्या पण."

"तांब्यात लिंबू?" मैत्रिणीचा आवाज बदलला.

"मी पहिल्याच दिवशी बोलले होते!" सुनेची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आंबट घालू नये तांब्या-पितळेत, कळकतं. तर ही म्हणते, कल्हई केलेली आहे, चालतं."

मी सुनेला म्हटलं, "पण मी ताईला विचारलं होतं. रात्रीचं शिळं पाणी कोणी पितं का म्हणून."

ती माझ्याकडे बघून हसली. "अहो मामा, हे शिळं कुठे? हे औषध आहे."

ताई खोटं बोलली नव्हती. शिळं पाणी म्हणजे हंड्यातलं, कालचं, झाडांना घालायचं. ते प्यायला देत नाहीत, आणि बाटलीत भरून पाहुण्याच्या हाती तर मुळीच देत नाहीत. म्हणून त्या सकाळी तिने शिळं पाणी ओतून दिलं होतं, हंडा घासला होता आणि विहिरीचं ताजं पाणी आणून माझी बाटली भरली होती. सुनेच्या उशाशी असलेला तांब्या तिच्या लेखी पाण्यात मोडतच नव्हता.

मैत्रिणीने तांब्या खिडकीपाशी नेला आणि मोबाइलचा प्रकाश आत सोडला. बाहेरून तो लालसर, चकचकीत. आत तळाला आणि बुडाच्या सांध्याभोवती चांदीसारखा पांढरा थर होता. वरच्या भागात तांबं तसंच उघडं.

"कल्हई अशी तुकड्यात करत नाहीत," ती हळूच म्हणाली. सुनेला तिने सांगितलं, आज नेहमीसारखं भर, लिंबू पिळ, ठेव. पण थेंबभरही पिऊ नको. सकाळी मी स्वतः येऊन बाटली भरेन.

दुसऱ्या दिवशी तिने मला प्रयोगशाळेत समोर बसवून यंत्र लावलं. ग्राफाइटची बोटभर लांबीची नळी असते. तिच्यात नमुन्याचा एक थेंब सोडतात. थेंब आधी सुकतो, मग जळतो, मग एका क्षणात दोन हजार अंशांच्या आसपास तापून त्यातल्या धातूची वाफ होते. त्या वाफेतून शिशाच्याच दिव्याचा, म्हणजे फक्त शिसंच अडवू शकेल असा, प्रकाश जातो. जितका प्रकाश अडेल तितकं शिसं. यंत्राचा पंखा घोंगावत होता. पडद्यावर आकड्याच्या जागी एक ओळ आली: मोजण्याच्या कक्षेबाहेर.

"बाटली खराब," मैत्रीण म्हणाली आणि कोरा नमुना लावला. तो स्वच्छ निघाला. तिने तांब्यातलं पाणी दहापट पातळ केलं. कक्षेबाहेर. शंभरपट केलं, तेव्हा कुठे यंत्राने आकडा दिला. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम शिसं चालतं. ती कागदावर गुणाकार करत होती. करून झाल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली आणि कागद माझ्याकडे सरकवला, मोठ्याने वाचला नाही. मीही तो आकडा कधी छापला नाही.

"हे आपण बाटलीत आम्ल टाकतो ना, तसं आहे," ती जरा वेळाने म्हणाली. "लिंबाने तेच केलं. आणि रोज चिंचेने घासून रोज नवा थर उघडा केला. धातू पाण्यात उतरवायची यापेक्षा चांगली पद्धत माझ्याकडेही नाही."

पांढरा थर कल्हईचा नव्हता. कल्हई कथलाची असते आणि ती माणसाला बाधत नाही. हा गळकी भांडी सांधायच्या झाळकामाचा थर होता, कथील आणि शिसं एकत्र वितळवून केलेला. दिसायला दोन्ही सारखेच.

सुनेला फोन केला. ऐकून घेऊन तिने एकच विचारलं, "बाळाला किती गेलं असेल?" ते आत्ता मोजता येत नाही, असं मी डॉक्टरबाईंचं उत्तर सांगितलं. मग ती म्हणाली, "मामा, आईंना सांगू नका. फुटला तांब्या म्हणून सांगते मी. त्यांना झेपणार नाही." सासूला ती आई म्हणते.

मी हो म्हटलं होतं. पण त्याच संध्याकाळी भाचा बोलता बोलता म्हणाला की, तांब्या दुरुस्त करायला आई उल्हासनगरला गेली तेव्हा एकटी नव्हती. शेजारच्या दोघीजणी आपापली भांडी घेऊन तिच्याबरोबर गेल्या होत्या. मग न सांगण्याचा प्रश्नच उरला नाही. मी सुनेला पुन्हा फोन केला. "मग सांगा," ती म्हणाली, "पण मी रागावलेले नाही हेसुद्धा सांगा. आधी ते सांगा."

ताई ओटीवर तांदूळ निवडत होती. सून रागावलेली नाही, हे मी आधी सांगितलं. त्यामुळे बाकीचं ऐकायच्या आतच तिचा हात थांबला.

सगळं ऐकल्यावर तिने मला तांब्याची हकीकत सांगितली, जबाब द्यावा तशी, माझ्याकडे न बघता. तांब्या तिच्या सासूचा. ताई दोन्ही वेळेला गरोदर असताना त्यातलंच पाणी प्यायली होती. नंतर तो बुडाशी चिरला आणि माळ्यावर गेला. सुनेला दिवस गेले तेव्हा तिने तो मुद्दाम खाली काढला. उल्हासनगरच्या बाजारात एक भांडी झाळून देणारा बसतो. त्याने बाहेरून सांधा भरला आणि पुन्हा गळू नये म्हणून आतूनही थर फिरवला.

"मी इचारलं त्याला, कल्हई का? तर बोलला, हां हां अम्मा, वही समझो. एक बूंद नहीं टपकेगा." ताईने सुपातला एक खडा काढून टाकला. "मीच समजले. कल्हई हाय तर लिंबू चालंल, असं मीच सांगितलं तिला. पहिल्यांदा नको बोलत होती ती. मी बोलले, पी गं."

त्या माणसाने फसवलं असंही म्हणता येत नव्हतं. त्याने भांडं गळायचं थांबवलं होतं, आणि ते गळतही नव्हतं.

ताई उठली. तांदळाचं सूप तसंच ठेवून ती शेजारच्या घरी निघाली. मी मागोमाग गेलो. शेजारीण तिच्याहून वयाने मोठी, गावात तिला सगळे काकी म्हणतात. तिची पितळी घागर मोरीपाशी भरून ठेवलेली होती, आतून तशीच पांढरी.

"काकी, ही घागर पाजू नको कोनाला. शिसं हाय हिच्यात."

काकीने आधी माझ्याकडे पाहिलं. "हा पेपरवाला बोलला? कंपनीवाल्यांचं घान पानी रोज दारावरनं वाहतंय, त्यांना बोलायची हिंमत नाय, आनि माझी घागर दिसली व्हय रे तुला?"

"कंपनीचं वेगळं, काकी, तेही लिहिणार आहे," मी म्हणालो.

"लिही तेच आधी. पाच म्हैन्याखाली झाळलीय घागर. काय झालं आमाला? तुझी सून नाजूक, त्याला आमी काय करनार?"

ताईचा आवाज चढला नाही. "माझ्या सुनेला मी पाजलं. रोज. माझ्या हातानं लिंबू कापून. पोटातल्या पोराला पन मीच पाजलं." तिने घागरीच्या गळ्याला हात घातला. "तुझा नातू रांगतोय, काकी. भांड तू माझ्याशी, किती पन भांड. पन हे वतून दे."

मी अनेक वर्षं लोकांची विधानं लिहून घेतली आहेत. इतक्या लोकांसमोर स्वतःविरुद्ध इतकं सरळ विधान केलेलं मी ऐकलं नव्हतं. एव्हाना शेजारचे चार-पाच जण अंगणात आले होते. ताईच्या घरात काय झालं ते गावाला त्या क्षणी कळलं. काकीने काही वेळ घागर सोडली नाही. मग तिनेच ती कलती केली. पाणी मोरीतून बाहेर गेलं. दुसऱ्या घरात बोलावंही लागलं नाही. तिथली बाई तिची कळशी घेऊन आधीच दारात उभी होती.

त्यानंतर सुनेचा आकडा उतरायला लागला, अगदी सावकाश. शिसं रक्तात थोडे दिवस राहतं, पण हाडांत बसलं की वर्षानुवर्षं राहतं, आणि बाईचं शरीर बाळासाठी हाडांतला चुना काढू लागलं की त्याबरोबर तेही पुन्हा बाहेर येतं. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की, धक्के बसायचे संपले. संपले नव्हते.

मुलगी झाली. वजन थोडं कमी, रडणं दणकट. नाळेतलं रक्त तपासायला गेलं होतं. त्याचा अहवाल आला तेव्हा आम्ही सगळे बदलापूरच्या त्या दवाखान्यातच होतो. अकरा. शून्य नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आईचं दूध पाजायला हरकत नाही, दोघींचं रक्त ठराविक काळाने तपासत राहू. मुलगी बसते कधी, बोलते कधी, शाळेत लक्ष लागतं का, हे बघावं लागेल. आज कोणी काही सांगू शकत नाही.

ताई खोलीच्या दारात उभी होती. दोन दिवसांत तिने मुलीला हात लावला नव्हता.

"डॉक्टर," तिने विचारलं, "त्या अकरातलं माझं किती?"

डॉक्टरबाईंना प्रश्न कळला नाही. मला कळला, पण त्याचं उत्तर कोणत्याही यंत्रात नव्हतं.

सून पलंगावर टेकून बसली होती. "आई, तुम्ही दारात उभ्या राहून हिशेब करा," ती म्हणाली, "पण हिने सगळं ओलं केलंय आणि मला टाक्यांमुळे वाकता येत नाही. मामांना सांगू का लंगोट बदलायला?"

ताईने आधी सुनेकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"कोरडे कुठं ठेवलेत?" ती म्हणाली आणि आत गेली.